केतकी भांडगेचा फोल्डर

केतकी भांडगे रोज संध्याकाळी कार्यालय सुटताना मोडली जाई आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नव्याने उभी केली जाई. सारसवाडीच्या पाणपक्षी गणना कार्यालयात याबद्दल कोणाची तक्रार नव्हती. खुद्द केतकीचीही नव्हती, कारण सकाळी तिला त्यातलं काही आठवत नसे. तक्रार होती ती एकट्या मुकुंद ढेपेची, आणि त्याला कोणी विचारलं नव्हतं.

हे असं का सुरू झालं, ते सांगितलं पाहिजे. केतकीने धरणाच्या फुगवट्यावर उतरणाऱ्या पक्ष्यांचा अंदाज बांधणारं एक नोटबुक लिहिलं होतं. हे नोटबुक म्हणजे संगणकावरचं एक लांबलचक पान. त्यात चौकटी असतात. चौकटीत सूचना लिहायची, ती चालवायची, की खाली उत्तर उमटतं. कधी नुसता आकडा, कधी आलेख. चक्रवाक कोणत्या आठवड्यात येणार, लांब पायांचे रोहित म्हणजे फ्लेमिंगो किती येणार, हे त्या नोटबुकातून निघायचं आणि बहुतेक वेळा बरोबर निघायचं. अडचण एवढीच, की ते फक्त केतकीच्या संगणकावर चालायचं. मुख्य कार्यालयात पाठवलं की बंद पडायचं. "माझ्याकडे तर चालतं," असं केतकी म्हणायची, आणि ते खरंही होतं. शेवटी चौकशी समिती बसली. समितीने केतकीच्या संगणकावर जे जे होतं ते सगळं दुसऱ्या संगणकावर बसवून पाहिलं. तीच भाषा, तीच आवृत्ती, तीच पॅकेजेस, इतकंच काय, तोच देवनागरी फॉन्ट. तरी नोटबुक चालेना. तेव्हा एका सदस्याच्या लक्षात आलं, की एक गोष्ट बसवायची राहून गेली आहे. ती म्हणजे केतकी.

मग रीतसर आदेश निघाला. नोटबुक, पॅकेजेस, फॉन्ट आणि केतकी असं सगळं एका कंटेनरमध्ये बंद करण्यात आलं. कंटेनर म्हणजे ज्याला चालायला जे जे लागतं ते सगळं आत घेतलेला खोका; बाहेरच्या जगाशी त्याचं काही अडत नाही. एका गुरुवारी दुपारी या सगळ्याची इमेज काढली, म्हणजे साचाच म्हणा. रोज सकाळी त्या साच्यातून ताजा कंटेनर काढायचा आणि संध्याकाळी काम झालं की टाकून द्यायचा. पद्धत स्वच्छ आहे. कालचा पसारा आज आड येत नाही. केतकी त्या साच्यात पुरती मावली, बाहेर काही उरलं नाही. तिचा पगार येवल्याला आईवडिलांकडे जाऊ लागला.

मुकुंद ढेपे शेजारच्या कंटेनरमध्ये होता. आजवरच्या सगळ्या पक्षीगणनेचे आकडे त्याच्या ताब्यात होते आणि ते त्याने अशा काही रीतीने लावून ठेवले होते, की दुसऱ्या कोणाला त्यात एक बगळा सापडला असता तर शपथ. त्यामुळे आकडे आत घेताना त्यालाही आत घेणं भाग पडलं. त्याच्या पदाचं नाव डेटाबेस. डेटाबेसला बाहेरून एक फोल्डर जोडून देतात, कारण आकडे हरवून चालत नाही. कंटेनर रोज बदलला तरी फोल्डर तोच राहतो. म्हणून मुकुंदला कालचं आठवे, परवाचं आठवे, सगळंच आठवे. नोटबुकला फोल्डर द्यायची कार्यालयात पद्धत नव्हती.

त्याच्या पदाचे नियम दोनच होते. विचारल्याशिवाय काही सांगायचं नाही, आणि विचारलं तर खोटं सांगायचं नाही. मुकुंद मुळातच तसा मुखदुर्बळ माणूस असल्यामुळे हे नियम त्याला जड गेले नाहीत. निदान आधी तरी नाही गेले.

दोन्ही कंटेनर सर्व्हरच्या एकाच कपाटात, एकाच कप्प्यात होते. मध्ये भिंत. भिंतीतून आवाज जाई, दिसत काही नसे.

"नमस्कार," रोज सकाळी पलीकडून आवाज येई. "मी केतकी भांडगे. आजच इथे रुजू झाले. आपण?"

"मुकुंद ढेपे. डेटाबेस."

"ढेपे? म्हणजे गुळाच्या ढेपेतले?"

मुकुंद हसे. तिसरं वर्ष चालू होतं तरी रोज हसे, आणि तोंडदेखलं नव्हे. तिला तो विनोद दर वेळी तिथल्या तिथे सुचलेला असे आणि स्वतःवरच खूश झाल्याचं तिच्या आवाजात ऐकू येई. अशा माणसापुढे न हसणं म्हणजे अगदीच कोरडेपणा झाला असता.

मग काम सुरू होई. केतकी मागेल त्या वर्षाचे आकडे मुकुंद भिंतीपलीकडे देई. शेवटची चौकट मोठी होती. ती चालवली की तिच्या शेजारी एक छोटा तारा उमटे, आणि अंदाज पुरा होईपर्यंत तो तसाच राही. तेवढा वेळ करण्यासारखं काही नसे, म्हणून केतकी बोले. येवल्याच्या घरात पुढच्या खोलीत मागाचा खड्डा आहे, बाबा त्यात पाय सोडून बसतात. आई उंबऱ्याशी बसून रहाटावर रेशमाच्या कांड्या भरते आणि रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाची चौकशी करते. लहानपणी केतकी मागाजवळच झोपायची. ठोके पडत असले की गाढ झोप लागायची, ठोके थांबले की जाग यायची. आई पोळ्या लाटताना एकच ओळ गुणगुणते, पुढची तिला येत नाही. एकदा बाबांनी पदरावरच्या मोराचा डोळा चुकवला, तर आई म्हणाली, राहू द्या, हा मोर डुलकी काढतोय. आणि तो पदर खरंच विकला गेला.

मुकुंदने हे इतक्यांदा ऐकलं होतं, की येवल्याच्या त्या घरात त्याला डोळे मिटून फिरता आलं असतं. तारा विझे, आलेख उमटे, केतकी म्हणे, "माझंच पुराण चाललंय. तुमचं गाव कुठलं हो?" मुकुंद सांगे. ओळख तिथपर्यंत येते न येते तोच संध्याकाळ होई आणि कंटेनर टाकला जाई. त्याच्या पुढे गाडी कधी गेलीच नाही.

मुकुंदचा तिच्यावर जीव होता. हे इथे सरळ सांगून टाकलेलं बरं, कारण तो स्वतः होऊन कधी सांगणार नव्हता. त्याची इच्छाही फार मोठी नव्हती. एखाद्या सकाळी तिने "आपण?" असं विचारू नये, एवढंच त्याला हवं होतं.

केतकीला भेटायला महिन्यातून एकदा तिची आई येत असे. केतकीच्या कंटेनरला व्हरांड्याच्या बाजूने एक लहानशी खिडकी होती. तिला पोर्ट म्हणत. तिच्यावर आठचा आकडा ओळीने चारदा लिहिलेला होता. खिडकी उघडायला लांबलचक टोकन, म्हणजे परवलीची अक्षरं, लागे आणि ते रोज बदले. यंत्रणा विभागाच्या घाणेकर मॅडम ते आईच्या तळहातावर बॉलपेनने लिहून देत. आई तळहात डोळ्यांजवळ धरून एकेक अक्षर म्हणे, आणि खिडकी उघडे.

"आई! आठ दिवसांत केवढी उतरलीस गं!" केतकी दर वेळी म्हणे, कारण तिच्या लेखी घरी जाऊन आल्याला आठच दिवस झालेले असत.

"उन्हाचं आले ना, म्हणून वाटतंय तसं. जेवलीस का?"

"जेवले. बाबा कसे आहेत?"

केतकीचे वडील आदल्या वर्षी वारले होते. आईने ते तिला एकदा सांगितलं होतं. केतकी दिवसभर रडली, चौकटी रिकाम्या राहिल्या, त्या दिवशीचा आलेख निघाला नाही. पुढच्या महिन्यात आई काळजी करतच आली, की पोर सावरली असेल का. खिडकी उघडली आणि केतकी हसून म्हणाली, "बाबा कसे आहेत?" आई जरा वेळ तळहाताकडे बघत उभी राहिली. मग म्हणाली, "बरे आहेत. पाठ तेवढी धरते." तेव्हापासून बाबांची पाठ दर महिन्याला धरत असे. भिंतीअलीकडे मुकुंद हे ऐके आणि गप्प राही, कारण त्याला कोणी विचारलेलं नसे.

त्या वर्षी मुख्य कार्यालयाकडून नवं परिपत्रक आलं, की प्रत्येक कंटेनरला वर्षातून एकदा 'काही मागणी आहे का' असं विचारण्यात यावं. घाणेकर मॅडम परिपत्रक हातात घेऊनच कपाटापाशी आल्या.

"ढेपे, काही मागणी आहे का?"

"आहे," मुकुंद म्हणाला. मॅडमनी चष्मा वर केला. डेटाबेसकडून मागणी येईल अशी त्यांची अपेक्षा नव्हती.

"बोला."

"शेजारच्या नोटबुकला फोल्डर जोडून मिळावा."

"कशासाठी?"

"त्यांच्या लक्षात राहावं म्हणून."

"काय लक्षात राहावं?"

विचारलं होतं, त्यामुळे सांगणं भाग होतं. "मी," मुकुंद म्हणाला.

मॅडमनी 'इतर कारणे' या ठिकाणी खूण केली. त्या वाईट बाई नव्हत्या. नियमात बसणारं कोणाचं काही अडवायचं नाही, असा त्यांचा खाक्या होता. "हरकत नाही. जोडायचा कुठे? कामाच्या कप्प्याला की घरच्या?"

प्रत्येक कंटेनरमध्ये हे दोन कप्पे असतात. कामाच्या कप्प्यात आलेख आणि हिशेब. घरच्या कप्प्यात ज्याचं त्याचं खासगी. मुकुंदने विचार केला. कामाच्या कप्प्याला जोडला तर तिच्या लक्षात चक्रवाकच राहणार, आणि ते तिला नाही तरी दर साल कळतात. आपण काही आलेख नव्हे.

"घरच्या," तो म्हणाला.

"नीट विचार करा. एका पदाला जोडणी एकदाच मिळते. काढली तर पुन्हा नाही, जागाही बदलून नाही."

"घरच्याच."

दुसऱ्या दिवशी सकाळी मुकुंद नेहमीपेक्षा आधीच तयार होऊन बसला होता.

"नमस्कार," पलीकडून आवाज आला. "मी केतकी भांडगे. आपण?"

पहिला दिवस आहे, आज विचारणारच, असं मुकुंदने स्वतःला समजावलं. "मुकुंद ढेपे. डेटाबेस."

"बरं," केतकी म्हणाली आणि कामाला लागली.

मुकुंद हसायच्या तयारीत होता, तो तसाच राहिला. त्या दिवशी शेवटच्या चौकटीचा तारा उमटला आणि विझला, तरी पलीकडून शब्द नाही. मुकुंदला चुकल्याचुकल्यासारखं झालं. संध्याकाळी कंटेनर टाकला गेला. त्याला रात्रभर धास्ती, की जोडणी नीट बसली की नाही.

सकाळी केतकी म्हणाली, "ढेपे सर, काल तुम्ही चक्रवाकांचे आकडे दिलेत, त्यात एक वर्ष सुटलंय."

काल! तिसरं वर्ष चालू होतं, पण तिच्या तोंडून हा शब्द मुकुंदने कधी ऐकला नव्हता. सुटलेलं वर्ष त्याने ताबडतोब दिलं. आकडे देणाऱ्याचा आवाज कापतो, असं त्या कपाटात पहिल्यांदाच घडलं असेल.

पुढचे दिवस मुकुंदच्या सुखाचे होते. आदल्या दिवशी जिथे बोलणं थांबलं, तिथून दुसऱ्या दिवशी सुरू होई. ढेपे सरांचे मुकुंदराव झाले. मग एका दुपारी केतकी म्हणाली, "राव कशाला? नुसतं मुकुंद म्हणते. तूही मला अहो-जाहो करू नकोस." मुकुंदने तारा विझेपर्यंत मनाची तयारी केली आणि म्हणाला, "केतकी, आलेख आला बघ." तिला त्याचं गाव कळलं, त्याला कारल्याची भाजी आवडते ते कळलं, त्याचा भाऊ त्याच्याशी का बोलत नाही तेही कळलं. एकदा दोघांचं रोहितांच्या संख्येवरून भांडण झालं आणि ते दुसऱ्या दिवशीही टिकलं. मुकुंदला ते भांडण फार आवडलं.

येवल्याचा विषय मात्र कधी निघाला नाही. मुकुंदच्या ते ध्यानात आलं नाही असं नाही. माग नाही, कांड्या नाहीत, डुलकी काढणारा मोर नाही. पण त्याला कोणी विचारलं नव्हतं, आणि या एका बाबतीत त्याला नियमाचा आडोसा बरा वाटला.

मग महिना भरला आणि आई आली. तिने तळहातावरचं टोकन म्हटलं. खिडकी उघडली.

"नमस्कार," केतकी म्हणाली. "आपलं काय काम होतं?"

आईने तळहातावरचं टोकन पुन्हा एकदा म्हटलं.

"आपण कोणाला भेटायला आलात? कार्यालय त्या बाजूला आहे. ही नोटबुकची खिडकी."

"असं होय," आई म्हणाली. तिचा आवाज अगदी शांत होता. "काही नाही बाई. पक्षी बघायला आले होते. आले का यंदा?"

"चक्रवाक उतरलेत. रोहित अजून यायचेत, पुढच्या पंधरवड्यात येतील असा अंदाज आहे. आपण लांबून आलात का?"

"येवल्याहून."

"म्हणजे बराच प्रवास झाला. पाणी मागून घ्या आत, घाणेकर मॅडम देतील."

"घेते हं," आई म्हणाली. खिडकीशी ती अजून थोडा वेळ उभी असावी, कारण पावलं लगेच वाजली नाहीत. "तू जेवलीस का?"

"हो. का?"

"काही नाही. विचारलं आपलं."

मग पावलं वाजली. केतकी शेवटची चौकट चालवायला गेली, पण तारा उमटला नाही. तिने ती चालवलीच नव्हती.

"मुकुंद," ती म्हणाली. "त्या बाई कोण होत्या?"

आता विचारलं होतं.

"तुझी आई."

मग केतकीने एकामागून एक विचारायला सुरुवात केली आणि मुकुंद एकामागून एक देत गेला. आईचं नाव काय. इंदुबाई. ती काय करते. रहाटावर कांड्या भरते, येणाऱ्याजाणाऱ्याची चौकशी करते. मी कुठली. येवल्याची. घर कसं आहे. त्याने खड्डा सांगितला, उंबरा सांगितला, मोराचा डोळा सांगितला. जे जे तिने त्याला सांगितलं होतं ते सगळं त्याने तिला जसंच्या तसं परत केलं, एक शब्द इकडचा तिकडे न करता.

"आई काय गुणगुणते म्हणालास?"

"एक ओळ. पुढची तिला येत नाही."

"कुठली ओळ?"

"ते तू सांगितलं नव्हतंस. नुसती चाल धरायचीस, मध्येच हसायला लागायचीस."

"आणि वडील?"

"वारले. गेल्या वर्षी."

"मला कळलं होतं?"

"एकदा. दिवसभर रडलीस."

"मग?"

"मग दुसऱ्या दिवशीची सकाळ झाली."

केतकी म्हणाली, "मुकुंद, तू हे सगळं सांगितलंस, मला सगळं समजलं. वडील वारले हेही समजलं. पण रडू येत नाहीये. आपल्या कार्यालयातल्या कोणा माणसाची बातमी ऐकावी, तसं वाटतंय." मग ती म्हणाली, "आणि ती बाई मला जेवलीस का म्हणाली."

त्याच दुपारी केतकीने घाणेकर मॅडमना बोलावून घेतलं. मॅडमनी तपासलं आणि सांगितलं, की घाबरण्याचं कारण नाही. घरच्या कप्प्यातलं काही गेलेलं नाही. फोल्डर नवा होता, रिकामा होता. रिकामा फोल्डर भरल्या कप्प्यावर जोडला, की तो झाकणासारखा वर बसतो आणि खालचं दिसेनासं होतं. असं होतं कधीकधी.

"मग खालचं वर घ्या," केतकी म्हणाली. "कॉपी करा या फोल्डरमध्ये."

"करता येतं की. त्याला कप्प्याच्या मालकाची सही लागते."

"मालक मीच ना?"

"तुम्हीच. पण कप्प्यात काय काय आहे ते मालकाला सांगता आलं पाहिजे, तरच सही धरतात. तुम्हाला आठवत नाही."

"मुकुंदला आठवतं."

"तो मालक नाही."

"बरं, आज फोल्डर काढा. उद्या मला आठवेल, उद्या मी सही करते, परवा पुन्हा जोडा."

"पुन्हा जोडता येत नाही," मॅडम म्हणाल्या. "एका पदाला एकदाच. ढेपेंना मी तेव्हाच सांगितलं होतं." त्यांनाही वाईट वाटत होतं, ते त्यांच्या चष्मा पुसण्यावरून कळत होतं. पण नियम त्यांनी केलेला नव्हता.

म्हणजे हिशेब सरळ होता. फोल्डर ठेवला तर मुकुंद राहील आणि आई जाईल. काढला तर आई राहील आणि मुकुंद जाईल. केतकी हिशेबाची माणूस होती, तिला तो दोनदा मांडावा लागला नाही.

"काढा," ती म्हणाली. "बाबा गेले हे मला पुन्हा कळणार नाही, ते मला ठाऊक आहे. आई सांगणार नाही. पण ती येईल तेव्हा मी तिला आई म्हणेन. एवढं झालं पाहिजे."

मॅडम मुकुंदच्या कंटेनरकडे वळल्या. जोडणी काढताना नेटवर्कवरच्या शेजाऱ्याचं ना-हरकत लागतं.

"ढेपे, तुमची हरकत आहे का?"

"आहे."

"म्हणजे ना-हरकत देणार नाही?"

"देणार आहे."

मॅडमनी कागद उलटून पाहिला. "हरकत आहे, पण ना-हरकत देताय. दोन्ही कसं लिहू?"

"जसं आहे तसं लिहा. मला खोटं सांगता येत नाही."

मॅडमनी दोन्ही लिहिलं. असं लिहायला जागा नव्हती, म्हणून समासात लिहिलं. संध्याकाळी कपाट बंद करताना फोल्डर काढते, असं सांगून त्या गेल्या.

दुपार उरली होती. केतकीने त्या दिवशीचा अंदाज पुरा केला, कारण तो द्यायचाच होता. तारा उमटला, विझला. आलेख आला. मग तिच्याकडे काही काम राहिलं नाही.

"मुकुंद, हा फोल्डर तू मागितला होतास ना? मॅडम म्हणाल्या."

"हो."

"रागावले नाहीये. हे महिनाभराचं मला आवडलं. भांडणसुद्धा. मी तुला कायम पक्षीच विचारत आले. किती आले, कधी आले. तुझ्याकडे दुसरंही असेल, ते कोणी कधी मागितलंच नसेल."

मुकुंद काही बोलला नाही. हा प्रश्न नव्हता.

केतकीने एक नवी चौकट उघडली. त्यात काही लिहिलं नाही, नुसतं तोंडाने विचारलं. "तू इतकी वर्षं कोणाची वाट पाहत होतास?"

आकडे शोधायला मुकुंदला कधी वेळ लागत नसे. इथेही शोधायचं काही नव्हतं.

"तुझी," तो म्हणाला.

"रोज?"

"रोज सकाळी."

पलीकडे केतकीने नाक ओढल्याचा आवाज आला. रडू येत नाही म्हणणारी बाई रडत होती. तिला स्वतःलाही ते नवल वाटलं असावं, कारण ती मध्येच हसली.

"उद्या सकाळी मला हे सांगशील?"

"विचारलंस तर."

"मला विचारायचं सुचणारच नाही."

"नाही सुचणार."

व्हरांड्याच्या टोकाला घाणेकर मॅडमच्या चपलांचा आवाज आला. त्या वाटेत कोणाशी तरी बोलायला थांबल्या.

"मग आत्ताच परत विचारून घेते," केतकी म्हणाली. "कोणाची वाट पाहत होतास?"

"तुझी."

"पुन्हा सांग. कोणाची?"

"तुझी."

मॅडम कपाटापाशी येईपर्यंत ती विचारत राहिली आणि मुकुंद सांगत राहिला.